जुन्या चेस्ट फ्रीझरच्या बाजूला भोक पाडून घरी ड्राफ्ट बिअरचे नळ बसवता येतील का?

नळ बसवता येतात, पण फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडून नाही. तेवढ्यासाठी ड्रिल हातात घेऊच नका. चेस्ट फ्रीझरच्या पत्र्यामागे, फोमच्या थरात, फ्रीझर थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या गुंडाळलेल्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत. एखादीला ड्रिलचं टोक लागलं की गॅस गेला आणि बहुतेक वेळा फ्रीझरही गेला. शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रीझरमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेणारा गॅस आहे.

त्यापेक्षा लाकडी चौकट करा. झाकण काढायचं, फ्रीझरच्या तोंडाच्या मापाची १५ ते २० सेंटिमीटर उंच फळ्यांची चौकट करायची, आतून फोमची शीट चिकटवायची, झाकण वर बसवायचं आणि नळांसाठीची भोकं या लाकडात पाडायची. झाकण काढताना बिजागऱ्यांकडे लक्ष ठेवा. त्यांत जोरकस स्प्रिंग असते, सुटली तर बोटं चेपतील.

चौकट फ्रीझरला चिकटवायची की झाकणाला? मी झाकणाला जोडली आणि पुन्हा केली तरी तशीच करेन. १९ लिटरचा भरलेला केग, म्हणजे बिअरचं धातूचं पिंप, २३-२४ किलोच्या आसपास जातो. तो आत सोडताना चौकटीएवढी जादा उंची कंबरेला चांगलीच जाणवते. झाकणाबरोबर चौकट आणि नळ सगळंच वर गेलं की ती उंची वाचते. फक्त केगपासून नळांपर्यंतच्या नळ्यांना थोडी ढील ठेवावी लागते. झाकण जड होतं, म्हणून ते वर टिकतंय ना हे आधी पाहा.

फ्रीझर मुळात उणे १८ अंशांसाठी बनवलेला, आणि आपल्याला हवेत ३ ते ४ अंश. त्यासाठी बाहेरून लावायचा तापमान कंट्रोलर घ्या: फ्रीझरचा प्लग त्यात, त्याचा भिंतीत. त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. झाकण उघडलं की हवा लगेच तापते आणि कॉम्प्रेसर उगाच चालू-बंद होत राहतो. सेन्सर केगच्या अंगाला टेपने चिकटवा, त्यावर फोमचा तुकडा लावा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी निदान पाच मिनिटं जातील, असं सेटिंग ठेवा.

आता फेसाबद्दल, कारण सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. सुरुवातीला माझा पहिला ग्लास नेहमी अर्धा फेसच यायचा. केगमधली बिअर ढकलायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो, त्याच्या रेग्युलेटरवरचा दाब मी कमी करत बसलो, तर बिअरच मिळमिळीत झाली. शेवटी आत दोन थर्मामीटर ठेवले तेव्हा कळलं, तळाशी ३ अंश आणि नळांपाशी ९. थंड हवा खाली बसते आणि चौकटीतली नळी कोमटच राहते. त्या कोमट नळीत बिअर शिरली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. संगणकात असतो तसा छोटा पंखा तळाशी, तोंड वर करून लावला आणि फरक लगेच दिसला. दाब १० ते १२ पीएसआयच (पीएसआय हे दाबाचं एकक) ठेवा आणि ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी प्रत्येक नळाला साधारण ३ मीटर द्या. आखूड नळीतून बिअर जोरात येते आणि फेसाळते. नव्या केगमध्ये याच दाबावर गॅस मुरायला दीड-दोन आठवडे लागतात, तेवढं थांबा.

गॅसचा प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा. यात हयगय नको. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो बंद फ्रीझरमध्ये भरून राहतो, आणि केग ठेवायला आपण नेमकं त्यातच डोकं घालतो. मी सिलिंडर बाहेर, उभा आणि भिंतीला बांधून ठेवतो, पण खोलीतही हवा खेळती हवी. सिलिंडर आत ठेवलात तर झाकण उघडून क्षणभर थांबा, मगच वाका.

फ्रीझर अजून घेतला नसेल, तर केगच्या बुडाएवढे, सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाचे पुठ्ठ्याचे गोल कापून सोबत न्या आणि आत मांडून पाहा. कॉम्प्रेसरच्या उंचवट्यामुळे एका केगची जागा हमखास जाते. तळाशी दमट हवेचं पाणी साचून बुरशी धरते. ओल शोषणारे दाणे ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी नळ्या धुताना तळही कोरडा पुसून घ्या.