पाच कॅलिबर कशाला? दोन ठेव, फार तर तीन

ग्रीन कार्ड आलं, टेक्ससमधे घर झालं, आता हरणाच्या शिकारीला आणि घराच्या संरक्षणाला कुठलं कॅलिबर, म्हणजे कुठल्या मापाचं काडतूस, घेऊ आणि साठा किती करू, असं विचारलंयस आणि खाली पाच कॅलिबरची यादी दिलीयस. अरे पाच कशाला? आपल्याकडे लायसन्सवर काडतुसं मोजून मिळतात, इथे मोजणारं कोणी नाही म्हटल्यावर माणसाला हाव सुटते, मलाही सुटली होती.

आधी एक, तुझ्यासाठी नाही पण वाचणाऱ्या एच-वन (नोकरीचा व्हिसा), एच-फोरवाल्यांसाठी (त्यांचे नवरा-बायको-मुलं). नॉनइमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. हंटिंग लायसन्स वगैरे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

आता हरीण. इथलं व्हाइटटेल काही फार मोठं जनावर नाही, .२४३ सुद्धा पुरते आणि खांद्याला धक्का कमी बसतो, पण मी .३०८ वापरतो कारण छोट्या गावातल्या दुकानातही ती मिळते आणि रानडुकरालाही चालते. यादीतली पॉइंट टू टू फक्त सरावाला, ती रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं हलकं काडतूस), आणि रिमफायरने हरीण मारायला टेक्ससमधे बंदी आहे. आणि नोकरी बदलून राज्य बदलायचा विचार असेल तर रायफलची काडतुसं ढिगाने घेऊच नकोस, ओहायोत हरणाला रायफलमधे फक्त सरळ नळकांड्यासारखी, तोंडाशी निमुळती न होणारी काडतुसं चालतात म्हणजे .३०८ बाद, आणि कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही.

घरासाठी ९ एमएमचं पिस्तूल, त्यात फार डोकं लावू नकोस. डोकं लाव ते भिंतीत. इथल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्या आणि दोन्हीकडे ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे), गोळी त्यातून आरपार जाते, हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर पसरणारी गोळी) सुद्धा जाते, त्यामुळे बेडरूमच्या दारातून नेम धरला तर पलीकडे मुलांची खोली येते का हे आजच घरात चालून बघ. साधी फुल मेटल जॅकेट (वरून धातूने मढवलेली गोळी) सरावाला, हॉलो पॉइंट घरासाठी, पण तिचेही दोन-तीन बॉक्स रेंजवर उडवून बघ, काही पिस्तुलांत ती अडकते.

साठ्याचं म्हणशील तर २०२०-२१ मधे दुकानांचे रॅक रिकामे होते, लोक दुप्पट-तिप्पट भाव देत होते, त्यामुळे थोडं जवळ असावं हे खरं. पण शिकारीला वर्षाला लागतं किती? झिरो करायला, म्हणजे दुर्बीण आणि नेम जुळवायला, वीसचा एक बॉक्स आणि हरणाला दोन-तीन गोळ्या. एकाच ब्रँडचे, एकाच वजनाच्या गोळीचे पाच बॉक्स घेतलेस तरी चारेक वर्षं निघतात, आणि ब्रँड बदललास की परत झिरो करायला काडतुसं जाळावी लागतात. ९ एमएमची हजार खूप झाली, त्याचंच वजन बारा किलोच्या आसपास भरतं. ठेवायची गॅरेजमधे नाही, अॅटिकमधे (छपराखालच्या माळ्यावर) तर नाहीच, टेक्ससचा उन्हाळा तुला माहितीय. घरातल्या कपाटात, रबरी सीलच्या लोखंडी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि कुलूप.

पाचला माझा विरोध पैशासाठी नाही, सरमिसळीसाठी आहे. .३०० ब्लॅकआउट आणि ५.५६ ही दोन वेगळी रायफलची कॅलिबरं, पण .३०० ची काडतुसं ५.५६ च्या मॅगझिनमधे सहज बसतात आणि ५.५६ च्या रायफलमधून उडवली तर रायफल फुटू शकते. माझ्याकडे बारा गेजची (आपली बारा बोअर) शॉटगन आहे, बायकोकडे वीस गेजची, तिची नळी बाराहून अरुंद. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, माणसाला वाटतं चेंबर रिकामं आहे, तो मागून बाराचं भरतो आणि घोडा ओढला की नळी फुटते. म्हणून तर वीसची काडतुसं पिवळी असतात. एका पहाटे अंधारात कबुतरांच्या शिकारीला निघालो, जॅकेटच्या खिशात हात घातला, मूठभर लाल काडतुसं आली आणि त्यात एक पिवळं. आदल्या रविवारी तेच जॅकेट बायकोने घातलं होतं. त्या दिवशी बंदूक गाडीतच ठेवून परत आलो आणि वीसचा डबा दुसऱ्या खोलीत हलवला.