सेटलमेंट झालं, आता पुढं काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. माझे आठ लूम होते. सूत महागलं, व्यापाऱ्याकडं पैसे अडकले, शेवटी लूम भंगाराच्या भावात गेले. बँकेचं १४ लाखांचं कर्ज प्लॉट विकून ९ लाखांत सेटल केलं, दोन क्रेडिट कार्डंही तशीच मिटवली. आता सुपरवायझर म्हणून नोकरी करतोय, पगार २६ हजार. सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचा स्कोअर) ५६० दाखवतंय. मुलगी दोन वर्षांनी इंजिनीअरिंगला जाईल, तेव्हा लोन लागणारच. एक एजंट १५ हजारांत स्कोअर ७५० करून देतो म्हणतोय. देऊ का? आणि त्यापेक्षा कोर्टात दिवाळखोरीच जाहीर केली असती तर बरं झालं असतं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, एजंटला एक रुपया देऊ नका. हे लोक तुमच्या प्रत्येक खात्यावर सरसकट तक्रार टाकतात, सिबिल बँकेला विचारतं, बँक म्हणते नोंद बरोबर आहे, की विषय संपला. बँकेच्या होकाराशिवाय सिबिल स्वतःहून काहीच बदलत नाही. वर तुमचा पॅन, आधार आणि ओटीपी त्याच्याकडं जातो ते वेगळंच.

कोर्टाचं म्हणाल तर २०१६ च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग अजून सगळ्यांना लागू झालेला नाही, डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. बाकीच्यांसाठी इंग्रजांच्या काळातलेच कायदे, मुंबईला १९०९ चा आणि आपल्याकडं १९२० चा नादारीचा. त्या वाटेला फार कोणी जात नाही. तुम्ही प्लॉट विकून मिटवलंत ते योग्यच केलंत, त्याची रुखरुख मनात ठेवू नका.

आता कामाचं बोलू. आधी रिपोर्ट काढा, नवीन लोनचं नंतर बघू. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. नुसता स्कोअर बघून बंद करू नका, खाली प्रत्येक कर्जाचा तक्ता असतो तो नीट वाचा. महिन्यामहिन्याच्या चौकटी असतात, ००० असेल तर त्या महिन्यात हप्ता वेळेवर, ०९० असेल तर ९० दिवस थकलेला. वर स्टेटस आणि थकीत रक्कम असते, आणि खरी गडबड तिथंच सापडते: पैसे भरून वर्ष झालं तरी थकबाकी तशीच दिसते, किंवा बँकेनं कर्ज वसुली कंपनीला विकलेलं असलं की एकच कर्ज दोनदा दिसतं. असं काही दिसलं तर सेटलमेंटचं पत्र आणि पैसे भरल्याची पावती जोडून ऑनलाईन तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

दुसरं म्हणजे ‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’ यात बँकेच्या नजरेत खूप फरक आहे, सेटल्ड म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडून दिली असा अर्थ होतो. १४ लाखांच्या कर्जाचं आत्ता राहू दे, पण कार्डांची सोडलेली रक्कम छोटी असेल, तर बँकेला लेखी विचारा की उरलेले भरले तर क्लोज्ड करून नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) द्याल का. लेखी होकार हातात आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, फोनवरच्या शब्दाला काही किंमत नसते. आणि ज्या बँकेत सेटलमेंट केलं तिथं किमान १२ महिने नवीन कर्ज मागायला जाऊ नका, शेतीकर्ज सोडून बाकीच्यांना तेवढा थांबायचा काळ रिझर्व्ह बँकेनंच ठरवून दिलाय.

मग २०-२५ हजारांची एफडी करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, अशा कार्डाला बँका सहसा जुना स्कोअर आडवा आणत नाहीत. त्यावर फक्त लाईटबिल आणि गॅस भरायचा, लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच राहायचं आणि बिल पूर्ण भरायचं, नुसती ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे किमान रक्कम नाही. दोन वर्षं हे नीट चाललं तर फरक दिसतो. पण आठ ठिकाणी लोनचे अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद रिपोर्टमध्ये होते.

मुलीबद्दल. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात आणि बँक त्यांचा सिबिल बघते, पण सहकर्जदार आईसुद्धा होऊ शकते! वहिनींच्या नावावर थकीत काही नसेल तर त्यांचं नाव लावायचा विचार करा, फक्त आत्तापासून त्यांच्या नावावर दुसरं काही कर्ज काढू नका. आणि त्याआधी हे बघा, २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) यांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्पन्नाच्या अटीत तुम्ही बसता, प्रवर्गात बसत असाल तर दाखले आत्ताच काढून ठेवा. मग कर्ज लागलं तरी मुख्यतः हॉस्टेल-मेसपुरतंच लागेल.

प्रश्न : मिस्टरांचं दुकान बंद पडलं. पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीनदार आहे, आता मला १०१ ची (सहकार कायद्यातल्या वसुलीच्या कलमाची) नोटीस आलीय. आणखी एका फायनान्स कंपनीचे लोक रात्री नऊला माझ्या भावाला फोन करतात. मी तर एक रुपयाही घेतलेला नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, रागावू नका, पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि संस्था आधी मिस्टरांच्या मागं न लागता थेट तुमच्याकडं येऊ शकते. म्हणून १०१ च्या सुनावणीला जायचंच, घाबरून घरी बसायचं नाही. हप्त्यांचा प्रस्ताव, भरलेल्या पावत्या, व्याजाचा हिशोब चुकीचा वाटत असेल तर तेही, सगळं लेखी द्या आणि पोच घ्या. एकदा वसुली दाखला (निबंधकांचा वसुलीचा आदेश) निघाला की त्याविरुद्ध वर दाद मागायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, तेव्हा जे काही सांगायचंय ते आत्ताच सहकार खात्याच्या निबंधकांसमोर सांगायचं.

फायनान्स कंपनीचं मात्र वेगळं आहे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाईकांना छळता येत नाही. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा, आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन जा, त्याला फी नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, तिची तक्रार तिकडं नाही, उपनिबंधकांकडं.

प्रश्न : कार्डाचं बिल थकलंय, पीएफ काढून भरू का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : शक्यतो नको. पीएफ आणि पीपीएफमधल्या पैशांवर कोर्टालाही कर्जासाठी जप्ती आणता येत नाही, म्हणजे सगळं गेलं तरी हे तुमचंच राहतं. आधी बँकेला कार्डाची थकबाकी हप्त्यांत करून मागा, व्याजदर लेखी घ्या आणि ते कार्ड वापरणं आजपासून थांबवा.