बाण सुटत नाही, की सोडवत नाही?

(या सदरात उत्तरं देणाऱ्या आमच्या ठाणेकर ताईंनी नौपाड्यातल्या एका बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटर सांभाळला. वयाच्या ४७व्या वर्षी धनुष्य हाती धरलं. आता सकाळच्या बॅचला नवख्यांना शिकवतात.)

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची. कोलशेतला राहते, नोकरी ऐरोलीत. रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यावर चौदा महिने झाले. इनडोअरला १८ मीटरवर ३० बाणांत ३००पैकी २३६पर्यंत गेले होते. गेले दोन महिने भलतंच चाललंय. नेम धरायच्या साइटचा ठिपका पिवळ्याच्या, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या वर्तुळाच्या, खाली येऊन अडकतो, वर सरकतच नाही. जोर करून नेला तर पिवळ्याला शिवायच्या आतच बोटं सुटतात. परवा १९८ झाले. सर म्हणतात, ‘कॉन्सन्ट्रेट कर.’ नवरा म्हणतो, महिनाभर सोडून दे. मोबाइलवर ध्यानाचं अ‍ॅप आहे, त्यात मन छान लागतं; लाइनवर उभी राहिले की पुन्हा तेच. माझी एकाग्रताच कमी आहे का?

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, कारण माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे आणि हे दुखणं मी स्वतः काढलंय.

एकाग्रता तुझ्याकडे भरपूर आहे. सगळी त्या पिवळ्यावर सांडलीय, एवढंच. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि ते चांगल्या-चांगल्यांना होतं. नवख्यांना सहसा होत नाही, कारण त्यांना अजून पिवळ्याची चटक लागलेली नसते. आपण महिनोन्‌महिने हाताला एकच शिकवतो : ठिपका पिवळ्यावर आला की सोड. हात ते शिकतो आणि मग आगाऊपणा करायला लागतो. ठिपका नुसता जवळ आला तरी बोटं उघडतात. ते होऊ नये म्हणून मन ठिपक्याला पिवळ्यापाशी जाऊच देत नाही. तुझ्याकडे दोन्ही प्रकार आलटून-पालटून होतायत. कधी बाण सोडवत नाही, कधी न सोडताच सुटतो.

माझं ४९व्या वर्षी झालं. आमची सरावाची रेंज वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात. वर पत्रा, पावसाळ्यात शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. भिंतीपलीकडे पॉवर प्रेस, दर सात-आठ सेकंदांनी धाड्‌कन ठोका. पहिले कितीतरी दिवस मी दोन ठोक्यांमधली फट शोधून बाण सोडायचे आणि त्यालाच एकाग्रता समजायचे! प्रेसची सवय झाली तेव्हा पिवळ्याने धरलं. मीही सोडून पाहिलं होतं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत धनुष्य कपाटावर. परत आले तर ठिपका तिथेच, पिवळ्याच्या खाली, माझी वाट बघत उभा. म्हणून नवऱ्याचा सल्ला मायेचा असला तरी घेऊ नकोस.

मला बाहेर काढलं ते कॅश काउंटरने. नोटा मोजताना कॅशियरचं लक्ष कुठे असतं सांग? गांधीजींच्या फोटोवर नाही. एकूण रकमेवर तर मुळीच नाही; ‘आता लाख भरणार’ असं मनात आलं की मोजणी चुकली म्हणून समज. लक्ष असतं अंगठ्याखालून सरकणाऱ्या कागदावर. दोन नोटा चिकटल्या असतील, एखादी गुळगुळीत लागली, तर डोळ्यांच्या आधी अंगठा थांबतो. आणि अठ्ठ्याहत्तराव्या नोटेला समोरच्याने विचारलं, ‘मॅडम, पासबुक भरून मिळेल का?’ तर नवखा कॅशियर अंदाजाने एकोणऐंशी धरून पुढे जातो आणि संध्याकाळी पाचशे कमी भरतात म्हणून घरी फोन करून उशीर होईल सांगतो. जुना माणूस गड्डी खाली ठेवतो, घोटभर पाणी पितो आणि एकपासून सुरू करतो.

धनुष्यात याला उतरवणं म्हणतात. ताणलेली दोरी, बाण न सोडता, सावकाश पुढे आणून खाली घ्यायची. आपल्याकडे उतरवायची लाज वाटते, ‘हरली’ असं वाटतं. तुझं निम्मं औषध यातच आहे. आमच्याकडे सरावाला तीन बाणांना दोन मिनिटं देतात. एका बाणाला फार तर वीस सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक एंडमध्ये (तीन बाणांच्या फेरीत) दोनदा उतरवण्याइतका वेळ हातात असतो, आणि तो कुणी वापरत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिले तीन आठवडे टार्गेट फेस, म्हणजे वर्तुळांचा कागद, बघायचाच नाही. बट्रेसवरचा (बाण अडवणाऱ्या जाड गादीवरचा) तो कागद काढून टाक, तीन मीटरवर उभी राहा आणि कोऱ्या बट्रेसवर रोज चाळीसेक बाण मार. साइट काढून ठेव. सर शेजारी उभे असतील तर, आणि तरच, दोरी ताणून हनुवटीला लागली की डोळे मीट आणि अंग काय करतंय ते ऐक. डावा खांदा वर चढतोय का, उजवं कोपर बाणाच्या रेषेत आहे का, पाठ ओढतेय की नुसता दंड? बाण कुठे लागला याच्याशी तुला घेणं नाही. कंटाळा येईल. मला तर इतका आला की चौथ्या दिवशी मी बट्रेसवरची भोकं मोजली.

मग १८ मीटरवर जा, कागद लाव, ठिपका पिवळ्यावर आण, मनात तीन आकडे मोज आणि उतरव. बाण मारायचा नाही. असं तीनदा केल्यावर चौथ्यांदा मारायचा. पिवळ्यावर जाणं आणि सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत हे हाताला नव्याने शिकवायचंय. ते जमेपर्यंत गुणांची वही बंद. त्याऐवजी प्रत्येक बाणानंतर फक्त बरोबर किंवा फुली : ठरवलेलं केलं का? दहा लागला पण घाईत सुटला, तर फुली. सहा लागला पण कोपर शेवटपर्यंत मागे जात राहिलं, तर बरोबर.

‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणजे काय करायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून मी माझं सांगते. धनुष्य उचलायच्या आधी एक पूर्ण श्वास. ताणताना श्वास आत, अर्धा बाहेर. दोरी हनुवटीला टेकली की मनात एकच शब्द : कोपर. बाण सुटून बट्रेसवर ‘टप्’ वाजेपर्यंत तोच. तुझा शब्द वेगळा असू दे, पण तो अंगाच्या एखाद्या हालचालीचा असू दे. ‘दहा’ हा शब्द चालणार नाही. ध्यानाचं अ‍ॅप वाईट नाही, पण ते तू सोफ्यावर बसून करतेस. लाइनवर हाताला काम असतं, तेव्हा मनालाही हातातलंच काम द्यावं लागतं.

ठिपका हलतो म्हणून घाबरत असशील तर जरा हिशेब कर. ४० सेंटिमीटरच्या कागदावर रिकर्व्हचा दहा म्हणजे चार सेंटिमीटरचं वर्तुळ, लिंबाएवढं. अख्खा पिवळा आठ सेंटिमीटर. १८ मीटरवर धनुष्य एका अंशाने चुकलं तर बाण ३१ सेंटिमीटर लांब जातो, म्हणजे थेट कागदाबाहेर. दहात राहायचं तर अंशाच्या पंधराव्या-सोळाव्या भागाइतकं स्थिर राहावं लागेल. जिवंत माणसाचा हात असा राहत नाही. ठिपका पिवळ्यात तरंगतच असतो आणि तो तरंगत असताना बाण सोडायचा असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके टीव्हीच्या पडद्यावर दाखवत होते, आठवतंय? तिथवर पोचलेल्यांचीही छाती धडधडतेच.

एक शंका मात्र विचारून ठेवते. धनुष्याचे पाउंड, म्हणजे ताणायला लागणारा जोर, किती? चौदा महिन्यांत २८ किंवा ३०चे लिंब्ज (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) लावून दिले असतील, तर आधी ते खाली आण. पूर्ण ताणून दहा सेकंद न थरथरता थांबता येत नसेल, तर धनुष्य तुझ्यापेक्षा जड आहे आणि बोटं सुटतायत ती दमून. आपल्याकडे पाउंड वाढवायची फार घाई, जशी पोळ्या गोल यायच्या आत पुरणपोळी करायची.

कुणी ना कुणी तुला अर्जुन आणि पोपटाचा डोळा ऐकवेल, ऐकवला असेलच. महाभारतात तो पोपट नाही, भास नावाचा पक्षी आहे, तोही बनवलेला. आणि अर्जुन म्हणतो ते ‘डोकं दिसतं, बाकी अंग दिसत नाही’. डोळा आपण मागाहून आणला. पण मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. शिष्याने धनुष्य ताणून धरलेलं असताना द्रोण प्रश्न विचारतात. झाड दिसतं का, भाऊ दिसतात का, मी दिसतो का... बिचारा युधिष्ठिर दोरी ताणून एकेक उत्तर देतोय! दंड दुखायला लागल्यावर माणसाला सगळंच दिसायला लागतं. अर्जुनाने उत्तर दोन शब्दांत उरकलं.

मला चार महिने लागले. पुरतं गेलं म्हणणार नाही. गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेत पहिल्याच एंडला ठिपका खाली अडकला. उतरवला, पुन्हा ताणला, पुन्हा अडकला, पुन्हा उतरवला. तिसऱ्यांदा बाण सातात गेला. वहीत ‘बरोबर’ केलं.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. अभ्यासाला पाच मिनिटं बसत नाही, मोबाइल सुटत नाही. नेरूळला आमच्या जवळ तिरंदाजीचे वर्ग निघालेत. एकाग्रता वाढून मार्कांवर परिणाम होईल का? ओजस देवतळे, आदिती स्वामी यांच्यासारखं काही जमलं तर उत्तमच. धनुष्य कोणतं घ्यावं?

उत्तर : धनुष्य घेऊ नका. वर्गाचं असतं. मुलाच्या वयाला बारा-चौदा पाउंडांचं पुरतं आणि उंची वाढेल तसं ते बदलावं लागतं.

मार्कांचं वचन मी देणार नाही, आणि जो वर्ग देईल त्याच्याकडे जरा जपून जा. तिरंदाजीतली एकाग्रता गणिताच्या वहीत आपोआप उतरत नाही. माझ्या बॅचमधली एक मुलगी लाइनवर पुतळ्यासारखी उभी राहते आणि घरी जाऊन डबा घासायला टाकायचा रोज विसरते, असं तिची आजी सांगते.

पण एक गोष्ट नक्की मिळते : थांबणं. दोन शिट्ट्या झाल्या की लाइनवर जायचं, एक झाली की मारायला सुरुवात, तीन झाल्यावरच सगळ्यांनी मिळून बाण काढायला जायचं. स्वतःचे तीन बाण संपले तरी शेजारची ताई मारतेय तोवर मागे गप्प उभं राहायचं. बाण बट्रेसमधून उपसताना मागे कुणी नाही हे आधी बघायचं. मोबाइलवरच्या मुलाला असं थांबायला दुसरीकडे कुठे मिळतं?

ओजस आणि आदिती यांचं म्हणाल, तर २०२३मध्ये बर्लिनला दोघंही कंपाउंडचे (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचे) जगज्जेते झाले. नागपूरच्या ओजसने अंतिम फेरीत १५ बाणांत १५० केले. साताऱ्याची आदिती तेव्हा अवघी १७ वर्षांची होती, तिचे १४९. हे मुलाला जरूर दाखवा, व्हिडिओ बघायला त्याची ना नसणार. फक्त सरावाच्या वेळी त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसू नका. आमच्याकडे एक बाबा दुर्बीण घेऊन यायचे आणि प्रत्येक बाणाला ‘आठ!’, ‘अरे, सहा!’ करायचे. शेवटी त्यांना चहाच्या टपरीवर बसवून ठेवायची जबाबदारी मी घेतली. पोराचे गुण सुधारले की नाही ते आठवत नाही, पण तो हसायला लागला.

प्रश्न : महोदया, वय ६३, निवृत्त, वर्तकनगर. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. वर्गात लक्ष्य अस्पष्ट दिसते, त्यामुळे चित्त विचलित होते. घरी सराव वाढवावा असा विचार आहे. इमारतीच्या गच्चीवर २० मीटर जागा असून सोसायटीच्या चेअरमनची परवानगी मिळाली आहे. मार्गदर्शन व्हावे.

उत्तर : आपलं चित्त नाही, चष्मा विचलित होतोय. उजव्या हाताने ताणणारा माणूस डावा खांदा लक्ष्याकडे करून, मान वळवून बघतो. तेव्हा उजवा डोळा काचेच्या मधून बघत नाही, नाकाकडच्या कडेतून बघतो. प्रोग्रेसिव्ह काचेला नेमकं कडेलाच धूसर दिसतं. मोठ्या फ्रेमचा, फक्त लांबचं बघायचा वेगळा चष्मा करून घ्या. दुकानात जाल तेव्हा मान वळवून, धनुष्य ताणल्याचा आविर्भाव करून दाखवा. लोक हसतील, हसू द्यात. आणि कोणता डोळा प्रबळ आहे ते वर्गात तपासून घ्या. दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करून लांबच्या वस्तूकडे बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना वस्तू खिडकीतच राहते, तो आपला.

गच्चीचं मात्र साफ नाही. वीस पाउंडांच्या धनुष्याचाही बाण शंभर मीटरच्या पुढे सहज जातो. टाकीला लागून उडाला किंवा ताणताना हात वर गेला, तर तो खालच्या रस्त्यावर. घरी व्यायामाचा रबर बँड घ्या, कपाटाच्या आरशासमोर उभं राहून ताणा, हनुवटीला टेकवा, दहा सेकंद धरा, सावकाश उतरवा. दिवसाला वीसदा. रबरच वापरा. खऱ्या धनुष्याची दोरी बाण न लावता कधीच सोडू नका, धनुष्याची पाती तडकते आणि तोंडावर येते.

अंक वाचून झाला की चेअरमनसाहेबांनाही द्या.