शेवाळाला खत कोण घालतंय?

भुसावळ, १४ एप्रिल

प्रिय भाऊ,

तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकचे फोटो पाहिले. शेवटचा तर मोठा करून पाहिला. खडकावर दोन-दोन इंच पोपटी केस आणि त्यात बुडालेले झोआ, ते फुलांसारखे छोटे प्रवाळ. खाली तुझा प्रश्न, ‘काका, यावर काय टाकू?’

तीस वर्षं खता-औषधांच्या दुकानात बसलो. गल्ल्यासमोर येणारा दर दुसरा माणूस हेच विचारायचा, तण आलंय, काय मारू? मी बाटली काढून द्यायचो, धंदाच होता तो. तुला मला काही विकायचं नाही, म्हणून आधी बाटली विसर.

हे शेवाळ कोणतं, ते पाहू. तांबडं, सायीसारखं पापुद्र्याने निघणारं असतं तर तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू, शेवाळ नव्हेच. पिसासारख्या फांद्या असत्या तर ब्रायोप्सिस, त्याची गोष्ट वेगळी. तुझं साधं हिरवं केसाळ शेवाळ आहे. चिमटीत धरून ओढलं की तुटतं, बूड खडकावरच राहतं. बरोबर ना? मग निम्मी काळजी सोड, हे जातं. वेळ मात्र खातं.

तू लिहितोस, पाणी तपासायच्या किटमध्ये फॉस्फेट शून्य, नायट्रेट जवळपास शून्य, मग हे जगतं कशावर? अरे, पाण्यात येईल ते शेवाळच गिळतंय, किटसाठी उरणार काय? जेवण उरकल्यावर रिकामं ताट बघून घरात दाणा नाही म्हणायचं, तसं झालं हे. त्यात खडक कॅल्शियम कार्बोनेटचा. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद, म्हणजे हेच फॉस्फेट, कसा बांधला जातो, तुझ्या आबांना विचार. खडकातही तो तसाच बांधला जातो आणि पाण्यातला कमी झाला की हळूहळू सुटतो. म्हणून पाणी साफ झाल्यावरही महिना-दोन महिने शेवाळ हटत नाही, आणि लोक नेमके तेव्हाच कंटाळून बाटली आणतात.

आता खरी गोष्ट. तुझं शेवाळ मार्चमध्ये सुरू झालं. मासे तेच, खाणं तेच. मग मार्चमध्ये बदललं काय? ऊन. तू पंखा लावलास. चांगलं केलंस, पाणी २६ अंशांवर ठेवायला चिलर नसेल तर पंखाच. पण आपली हवा कोरडी, पाणी उडतंही तसंच. माझ्या २०० लिटरच्या टँकमधून एप्रिलमध्ये रोज चार लिटर जातं. काकू पहिल्या उन्हाळ्यात विचारायची, ‘इतलं पानी कथा जास?’ जातं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं, आणि भर घालताना तू जे-जे ओततोस तेही सगळं मागे राहतं.

तेव्हा मी बोअरचं पाणी घालायचो, मीठ नाही तर बिघडणार काय, अशा समजुतीने. एकदा सहज त्या पाण्याला नायट्रेटचा किट लावला: ४० पीपीएम. हिशेब कर. रोज चार लिटर म्हणजे महिन्याला १२० लिटर. लिटरला ४० मिलिग्रॅम, एकूण ४,८०० मिलिग्रॅम. ते २०० लिटरमध्ये पडलं म्हणजे महिन्याला २४ पीपीएम. माशांना चिमूटभर खाणं घालताना मी हात आखडत होतो आणि मागच्या दाराने युरियाची गोणी आत येत होती. आमच्या बोअरभोवती सगळी केळी, ठिबकमधून आठवड्याला खत. झाडाने उचललं नाही ते खाली उतरतं आणि मोटारीने परत वर येतं. दुकानातून ते खत मीच विकलेलं, हा भाग वेगळा.

तू वीस लिटरचा जार घालतोस, म्हणे ‘फिल्टरचं आहे’. माणसाला प्यायला ठीक. पण चव यावी म्हणून बऱ्याच प्लांटमध्ये आरओच्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळतात. घरच्या मशीनवरही त्यासाठी एक स्क्रू असतो. माझ्या स्वयंपाकघरातल्या आरओचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ६२ निघाला. टँकला शून्य लागतो. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं एक भांडं जोड, आणि टीडीएस मीटरवर १-२ दिसायला लागलं की रेझिन बदल. रेझिन संपत आलं की सिलिकेट आधी निसटतं आणि काचेवर तपकिरी धूळ धरते. जोडणीत पितळेचा नळ नको. तांबं उतरलं तर गोगलगाई आणि कोरल दोन्ही जातील.

हे होईपर्यंत हाताने उपट. पंप बंद कर, सुटणारे खडक टँकच्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत घे, टूथब्रशने घास. न सुटणाऱ्यांना नळी लावून ओढतच घास, तुकडे पाण्यात फिरू देऊ नकोस. दर रविवारी २५-३० लिटर पाणी बदल. उपटून झाल्यावरच ट्रोकस गोगलगाई सोड, आठ-दहा पुरेत. त्या कोवळे कोंब खातात, वाढलेल्या केसांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. शेवाळ खाणारा टँग मासा आण म्हणून कोणी सांगेल. तुझ्या चार फुटांत त्याचे हाल होतील.

फ्रोझन खाणं गाळणीत धुऊन घाल. दिवे आठ तास. आणि ती पश्चिमेची खिडकी झाक बाबा, फोटोत उन्हाचा पट्टा सरळ काचेवर दिसतोय.

एक चूक माझी सांगतो, कारण तू माझ्यासारखाच उतावळा आहेस. तिसऱ्या वर्षी मी फॉस्फेट शोषणारं लोहाचं मीडिया दुप्पट भरलं. पंधरा दिवसांत पाणी खरोखर शून्यावर आलं, केस गेले. महिन्याभरात वाळूवर तपकिरी शेंबूड, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री कमी, दुपारी पुन्हा. डायनोफ्लॅजेलेट, डोळ्याला न दिसणारे एकपेशी जीव. त्यांनी माझ्या अकरा गोगलगाई मारल्या आणि झोआ तीन महिने मिटून बसले. सगळं उपाशी मेलं की मोकळ्या जागेवर तेच माजतात. म्हणून नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू दे. शून्य दिसलं तर नाचू नकोस.

खडकच बदलू का, असंही विचारलंस. कोणी ‘समुद्रातून आलेला ओरिजिनल’ देत असेल तर त्याच्या दुकानाची पायरी उतर. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. शिवाय तुझा खडक चांगला आहे. तो फक्त फार जेवलाय.

वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप आहे ना? मागच्या आठवड्यात आमच्याकडे चार तास नव्हती.

रविवारी येशील तेव्हा जारचं पाणी एका स्वच्छ बाटलीत आण, मीटर आणि किट माझ्याकडे आहेत. सकाळीच ये, उन्हात गाडी चालवू नकोस. काकू म्हणते, कळण्याची भाकरी आणि ठेचा करीन.

तुझा,
काका