ओपन फाइल कामाआधीच मागा

प्रश्न : आम्ही पाच जणी अमळनेरला ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया करून विकतो. पाकिटाच्या लेबलासाठी एका ऑनलाइन साइटवर डिझाइन करणारा मुलगा सापडला. दहा हजारांचं काम आठ हजारांत करतो म्हणाला, पण पैसे साइटवरून नकोत, थेट यूपीआय करा आणि सगळे आधीच द्या म्हणतो. देऊ का? असं काम आम्ही याआधी कुणाला दिलेलं नाही.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, देऊ नका. तो लबाडच असेल असं मी म्हणत नाही. फायव्हरसारखी साइट काम करणाऱ्याच्या कमाईतून 20 टक्के कापते, म्हणजे तुम्हाला दिलेली सवलत तिथूनच निघते. पण त्या दोन हजारांपायी तुमच्या हाती काहीच धरून राहत नाही. मी फैजपूरला केळी वेफर्सचं पॅकिंग करते. चार वर्षांपूर्वी मीही असेच पैसे बाहेरून दिले. दोन चित्रं आली आणि फोन बंद झाला. साइटकडे तक्रार केली, तर व्यवहार त्यांच्याकडे झालेलाच नव्हता. काय म्हणणार?

साइटवर ठरलेल्या रकमेचं काम दिलं की पैसे तुमच्याकडून घेऊन मधे अडकवून ठेवतात, काम पाहून तुम्ही सोडता. कामाचे टप्पे पाडा : आधी कच्चं चित्र, मग पक्कं, मग फायली. एक मात्र सांभाळा. अपवर्क नावाच्या अशाच साइटवर त्याने काम सादर केल्यावर 14 दिवसांत तुम्ही काहीच कळवलं नाही, तर पैसे आपोआप सुटतात. पापडांच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, मान वर करायला फुरसत नसते हे मला ठाऊक आहे. म्हणून पाचांपैकी एकीवर हेच काम सोपवा.

आता काम सांगायचं कसं, ते नीट करा. ‘पापडाचं लेबल पाहिजे’ एवढंच लिहिलंत, तर दिल्लीचा किंवा कोचीचा मुलगा उडदाचा गोल, पातळ पापड काढून देईल. त्याने बिबडा कधी पाहिलेलाच नाही! भिजवलेल्या ज्वारीचा घाटा शिजवून ओल्या कापडावर थापतात, वर तीळ असतात, वाळला की खरखरीत होतो, हे सगळं लिहा. उजेडात काढलेले कच्च्या आणि तळलेल्या बिबड्याचे फोटो पाठवा. अन्न परवान्याचा 14 अंकी नंबर, वजन, किंमत, बॅच, बनवल्याची तारीख, शाकाहारी चिन्ह यांना जागा सोडायला सांगा. पाकिटाची लांबी-रुंदी पट्टीने मोजून द्या, अंदाजाने नको.

आणि ओपन फाइल, म्हणजे जिच्यात नंतर बदल करता येतात अशी डिझाइनची मूळ फाइल. मी हे सगळ्यांना सांगते. माझं दुसरं लेबल मोबाइलवर फार देखणं दिसायचं. जळगावच्या छापखान्यात नेलं तर दादा म्हणाले, “हा नुसता फोटो आहे, कोरलची ओपन फाइल आणा.” कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर. ती मिळवायला तीन आठवडे गेले. आली तेव्हा फॉन्ट कर्व्ह केलेला नव्हता, म्हणजे अक्षरांचे आकार चित्रासारखे पक्के केलेले नव्हते; त्यांच्या मशीनवर जोडाक्षरं फुटली आणि पाकिटावर ‘स्वाद’चा ‘स्‌वाद’ झाला. नशीब, छापण्याआधी नमुना काढला होता. म्हणून ओपन फाइल, कर्व्ह केलेली प्रत आणि छपाईसाठी वेगळी पीडीएफ, तिन्ही हव्यात असं काम सुरू होण्याआधी साइटवरच्या संदेशातच लिहा.

हक्कांचंही तसंच. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षांचीच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या तुमचे बिबडे दुबईला गेले तर? कायमस्वरूपी आणि जगभरासाठी असं एका ओळीत लिहून घ्या.

आणखी एक मनापासून सांगते. फुकट नमुना मागू नका. लहानसं काम द्या, नुसतं उडदाच्या पापडाचं लेबल, आणि त्याचे पूर्ण पैसे द्या. काम आवडलं तर बाकीचं त्यालाच द्या. बिबडे थापून घ्यायला बाई बोलावतो तेव्हा पहिल्या दिवसाची मजुरी आपण बुडवतो का? त्या मुलाचाही दिवस जातोच. माझं आजचं लेबल करणारी मुलगी अशीच मिळाली. तीन वर्षं झाली, अजून तिच्याकडेच काम जातं.

प्रश्न : दुकानाची जुनी बिलं संगणकात भरून घ्यायची आहेत. तासावर द्यावं की उक्तं?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : दादा, बिलं मोजलेली असतील तर उक्तं द्या. तासाचं काम देणार असाल तर अपवर्कवर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एक स्क्रीनशॉट नोंदला जातो, तो दर आठवड्याला उघडून बघा आणि आठवड्याच्या तासांची मर्यादा आधी घाला. पण आधी शंभर बिलं भरून घ्या, किती चुका निघतात ते स्वतः ताडून बघा. ग्राहकांचे फोन नंबर मात्र बिलांवरून झाकूनच पाठवा.