भाजलेल्या जखमेवर हळद लावावी का?

प्रश्न : गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस उडून माझ्या मुलाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. घरच्यांनी लगोलग हळद थापली, पण दवाखान्यात डॉक्टरांनी ती धुऊन काढली. हळदीने जखम भरते हे अमेरिकेतल्या पेटंटच्या वादात सिद्ध झाले आहे ना? मग हळदीच्या सांगलीतच हळदीला नकार का?
– एक वाचक, वाळवा तालुका (जि. सांगली)

उत्तर : जखमेवर हळद वापरण्याबद्दल मिसिसिपी विद्यापीठाला १९९५ साली मिळालेले पेटंट सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन परिषदेच्या आक्षेपानंतर १९९७ साली रद्द झाले, ते हा उपयोग आपल्याकडे पूर्वापार ठाऊक होता म्हणून. ताज्या भाजलेल्या कातडीवर घरातली हळद टाकल्यास काय होते, हा प्रश्न तेथे तपासलाच गेला नव्हता.

हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यामुळे उंदरांच्या जखमा लवकर भरल्याचे प्रयोग आहेत. परंतु उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो आणि त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते, तर माणसाची जखम बऱ्याच अंशी नवी त्वचा वाढून भरते. म्हणूनच अशा संशोधनात डुकराची त्वचा आपल्याला अधिक जवळची मानली जाते. शिवाय डब्यातली हळद निर्जंतुक नसते. भाजलेला भाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा गुलाबी होतो का, यावरून डॉक्टर जखमेची खोली जोखतात. पिवळ्या लेपाखाली ते दिसणार कसे?

जॅक्सन या शल्यचिकित्सकांनी १९५३ साली दाखवून दिले की भाजलेल्या जागेचा मध्यभाग मेलेला असला, तरी त्याभोवतीच्या पट्ट्यात रक्तप्रवाह केवळ मंदावलेला असतो आणि तो भाग पुढच्या एक-दोन दिवसांत वाचतो किंवा मरतो. पहिल्या घटकेची सारी धडपड या पट्ट्यासाठी असते. उसाचा आटत आलेला रस कातडीला चिकटून उष्णता धरून ठेवतो, म्हणून अंगठी, कडे, दोरा तत्काळ काढून हात २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. ३ तासांच्या आत केले तरी त्याचा लाभ होतो. बर्फ मात्र लावू नये.

घरगुती द्रव्यांना वैद्यकाने दार बंद केलेले नाही, हे मी आग्रहाने सांगेन. सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध लावलेल्या ९१ टक्के जखमा ७ दिवसांत जंतुमुक्त झाल्या, तर भाजल्यावर नेहमी वापरल्या जाणाऱ्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. पुढे १९९९ साली त्यांनीच मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत मेलेली कातडी लवकर काढून त्वचारोपण करणे मधापेक्षा सरस असल्याचे दाखवले. आपल्याच आवडत्या उपायाला अशी कसोटी लावणे मला फार मोलाचे वाटते. मुंबईच्या शीव रुग्णालयातील केळीच्या पानाच्या ड्रेसिंगचा अभ्यासही याच जातीचा. पण तेथे पाने निर्जंतुक करून, देखरेखीखाली वापरली जातात.

आपल्या मुलाची जखम ३ आठवड्यांत भरली नाही, तर त्वचारोपणाबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा. तोवर ड्रेसिंग चुकवू नका, आणि दुखते म्हणून कोपर वाकवूनच ठेवण्याची सवय त्याला लागू देऊ नका. भरताना कातडी आखडली, तर हात पुन्हा सरळ होणे अवघड जाते.