फुटबॉल की वकिली?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची, पाच वर्षांच्या एलएलबीचं दुसरं वर्ष चालू आहे आणि रोज पहाटे साडेपाचला किट घेऊन ग्राउंडवर. घरातले म्हणतात एक काहीतरी धर. फुटबॉल खेळणारं कुणी पुढे कायद्यात आणि मग खेळाच्या संघटनेत गेलंय का खरंच?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, गेलंय की! नॉर्वेची लिसे क्लावेनेस. देशाकडून ७३ मॅच खेळली, स्वीडनमध्ये उमेओ क्लबकडून खेळली, लॉ पण केलं. मग वकिली, ओस्लोच्या कोर्टात काही काळ कनिष्ठ न्यायाधीश, तिथल्या सेंट्रल बँकेत कायद्याचं काम, २०१८ला नॉर्वेच्या फुटबॉल फेडरेशनमध्ये आली आणि मार्च २०२२ला थेट अध्यक्ष. फेडरेशन १९०२ची, तोवर त्या खुर्चीत एकही बाई बसली नव्हती.

निवडून येऊन महिनाही झाला नव्हता आणि ३१ मार्चला कतारमध्ये, दोह्यात, फिफाची म्हणजे जगभरच्या फुटबॉल फेडरेशनांच्या संघटनेची काँग्रेस (वार्षिक सभा) होती, दुसऱ्या दिवशी २०२२च्या कतार वर्ल्ड कपचा ड्रॉ (कुठला संघ कुठल्या गटात ते ठरवणं), यजमान समोर बसलेले. ही उभी राहिली आणि म्हणाली की २०१०मध्ये रशिया आणि कतारला वर्ल्ड कप ज्या पद्धतीने दिले गेले ती मान्य होण्यासारखी नाही, मानवी हक्क सुरुवातीच्या अकरांत नव्हतेच, बाहेरून दबाव आला तेव्हा कुठे बदली खेळाडू म्हणून मैदानात आले, आणि वर्ल्ड कपच्या तयारीच्या कामावर जे मजूर मेले-जखमी झाले त्यांच्या घरच्यांकडे बघा. त्या मजुरांत आपल्याकडचेही होते हो, म्हणून मला ते जास्त लागलं. होंडुरासचे प्रतिनिधी लगेच उठून म्हणाले, ही त्याची जागा नाही. पण मला वाटतं तीच जागा होती, कारण मतं त्याच हॉलमध्ये होती, बाहेर पत्रकारांना सांगणं खूप सोपं. अकरा आणि बदलीची भाषा खेळाडूची, पण कुणी काय करायचं राहिलंय हे नेमकं मांडणं वकिलाचं, दोन्ही एकाच बाईत आलं.

सगळं सरळ झालं असंही नाही. २०२३ला युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, कार्यकारिणीची निवडणूक पुरुषांसमोर लढली आणि हरली, २०२५ला निवडून आली.

आता आपल्याकडचं. ऑगस्ट २०२२मध्ये फिफाने आपल्या भारताच्या फुटबॉल फेडरेशनवर बंदी घातली, का तर कारभार कोर्टाने नेमलेल्या समितीकडे गेलेला आणि फिफाच्या नियमात बाहेरच्यांनी कारभार बघणं बसत नाही. अकराएक दिवसांत बंदी उठली, पण तेवढ्यात मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप हातातून जायची वेळ आली होती, जो नंतर भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाला. म्हणजे बघा, कितीतरी वर्षं घाम गाळलेल्या पोरींचा वर्ल्ड कप फेडरेशनच्या घटनेच्या, म्हणजे नियमावलीच्या, कलमांवर अडकला होता, आणि ती कलमं वाचून समजणारं माणूस ड्रेसिंग रूममधून आलेलं असेल तर किती फरक पडेल!

तेव्हा एक धर म्हणू नका तिला. परीक्षेच्या महिन्यात प्रॅक्टिस कमी होईल, होऊ दे, पण पहाटेचं साडेपाच सोडायला लावू नका. आणि एक काम तिला आत्ताच सांगा, जिल्हा फुटबॉल संघटनेची घटना मागून घ्यायची, पेन्सिल घेऊन बसायचं, खेळाडूला मत आहे का, तक्रार कुणाकडे करायची, निवडणूक किती वर्षांनी, हे शोधून वहीत लिहायचं. घटना द्यायला टाळाटाळ झाली तर तेही तारखेसकट लिहून ठेवायचं.